न विचारता दिलेली वीज: नागजजवळच्या बेदाणा शेडचं प्रकरण

नागज फाट्याहून आत वळलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना बेदाण्याची शेड दिसायला लागतात. लोखंडी अँगल, त्यावर एकावर एक जाळ्या, वर पत्रा, बाजूला शेडनेट. तासगाव-मिरजेकडची द्राक्षं फेब्रुवारीपासून इथं वाळायला येतात, कारण कवठेमहांकाळच्या या पट्ट्यात हवा कोरडी आणि वाऱ्याला अडथळा नाही. माल जाळीवर पडला की पंधरवडाभर मालकाच्या जिवाला घोर असतो. आभाळ भरून आलं तर धावपळ, रात्री कुणी क्रेट उचलले तर वर्षाची कमाई गेली.

गेल्या हंगामाच्या तोंडावर असेच एक शेडमालक माझ्याकडे आले. गावात त्यांना सगळे आबाच म्हणतात, मीही तेच म्हणतो. मागणी साधी होती: शेडवर तीन कॅमेरे, आणि शेडच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या ऑफिसात इंटरनेटची एक लाइन. शेड त्यांच्या घरापासून ऐंशी मीटरवर. घरात इन्व्हर्टर आहे. शेडला वीज शेतीच्या फीडरवरची, दिवसाचे आठ तास, तीही कधी दिवसा तर कधी रात्री. म्हणजे कॅमेऱ्याची खरी गरज जेव्हा, नेमकी तेव्हाच तिथं लाइट नसण्याची शक्यता.

मी आधी सरळ उपाय सांगितला: इन्व्हर्टरवरून शेडपर्यंत २३० व्होल्टची वायर टाकू. आबांनी मान हलवली. "त्या शेडात मला मेनची वायर नको. द्राक्षं बुडवायच्या डिपिंगचं पाणी सांडलेलं असतं, पोरं ओल्या पायांनी अँगलवर चढतात. एकदा शॉक बसलाय एकाला, परत नको." यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. दुसरी बॅटरी शेडमध्ये ठेवायची तर तिथं गंधकाची धुरी देतात, आणि बॅटरी चोरीला जाण्याची भीती वेगळीच. तेव्हा नेटवर्कच्या केबलमधूनच वीज न्यायची, असं ठरलं.

अडचण अशी की कॅमेरे आधीच आणलेले. त्यांच्या पुतण्यानं स्वस्तात मिळाले म्हणून पीओई नसलेले, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधून वीज घेण्याची सोय नसलेले, नुसते १२ व्होल्टवर चालणारे तीन कॅमेरे घेतले होते, सोबत ३०५ मीटरचा केबलचा डबा. पैसे गेलेच आहेत तर त्यातच भागवू, असं मीही म्हणालो.

शंभर एमबीपीएस वेगाचं इथरनेट, म्हणजे तारेवरचं नेटवर्क, केबलमधल्या आठ तारांपैकी चारच वापरतं: १-२ आणि ३-६. चार-पाच ही निळी जोडी आणि सात-आठ ही तपकिरी जोडी रिकामी राहते. निळ्या जोडीवर प्लस, तपकिरीवर मायनस, ही पद्धत वायरलेस इंटरनेटवाल्यांनी वर्षानुवर्षं वापरली आहे. त्याच्या दहापट वेगाच्या गिगाबिटला चारही जोड्या लागतात, तिथं हा खेळ चालत नाही. कॅमेऱ्याला शंभर पुष्कळ झाले. मी दोन्ही टोकांना वीज-डेटा वेगळं करणाऱ्या छोट्या वायर लावल्या, घराकडून कॅमेऱ्याचाच १२ व्होल्टचा अडॅप्टर जोडला. दुपारी तिन्ही कॅमेरे चालू झाले. चित्र स्वच्छ. मी चहा घेऊन निघालो.

सातला फोन. "अरं, अंधार पडला की तिन्ही बंद. मधेच लागतात, परत जातात."

हे लक्षण ज्यानं एकदा पाहिलंय तो विसरत नाही. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि त्याची भूक दुप्पट होते. दिवसा साधारण ३ वॅट खाणारा कॅमेरा रात्री ६ वॅट मागतो. तारेत व्होल्टेज पडतं, कॅमेरा बंद होतो, दिवे विझतात, व्होल्टेज वर येतं, कॅमेरा परत सुरू होतो, अंधार आहे म्हणून दिवे लावतो, परत मरतो. रात्रभर हेच.

दुसऱ्या दिवशी पहिलं काम केलं ते केबलचं. ब्लेडनं एक तार हलकेच खरवडली. तांब्याच्या सालीखाली पांढरी चकाकी. आत ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. डब्यावर तसं कुठंही लिहिलेलं नव्हतं. पुतण्या शेजारीच उभा होता, त्याला तार दोन-तीनदा वाकवून दाखवली, ती तटकन तुटली. पोराचा चेहरा पडला. चूक त्याची नव्हती, बाहेरून बघून हे कुणालाच कळत नाही.

आता हिशेब. या जाडीच्या शुद्ध तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०८४ ओहम. मुलाम्याच्या तारेचा त्याच्या दीडपटीहून थोडा जास्त, ०.१३ धरा. ऐंशी मीटरला एक तार साडेदहा ओहम. जाताना दोन तारा समांतर, येताना दोन समांतर, म्हणून येण्याजाण्याचा मिळून रोध पुन्हा साडेदहा ओहमच. आता एखाद्या तारेतून जास्तीत जास्त किती वॅट पलीकडं पोचू शकतात याची एक वरची मर्यादा असते: व्होल्टेजचा वर्ग भागिले रोधाची चौपट. बारांचा वर्ग १४४, भागिले ४२, म्हणजे सुमारे ३.४ वॅट. कॅमेऱ्याला रात्री हवेत ६. अडॅप्टर कितीही मोठ्या अँपिअरचा लावा, ६ वॅट त्या टोकाला पोचणारच नाहीत. आणि माझ्यासाठी धक्कादायक गोष्ट ही की शुद्ध तांब्याची केबल असती तरी उत्तर ५.४ वॅटच येतं. म्हणजे मी केबलला दोष देऊन मोकळा झालो असतो, नवा डबा आणला असता, आणि पहिल्याच रात्री परत तिथंच येऊन पडलो असतो. खोट फक्त तारेत नव्हती, १२ व्होल्टमध्ये होती.

व्होल्टेज दुप्पट केलं की ती मर्यादा चौपट होते. २४ व्होल्ट पाठवून कॅमेऱ्याजवळ छोटा स्टेप-डाउन कन्व्हर्टर लावून परत १२ करायचे. त्याच मुलाम्याच्या केबलवर ६ वॅटच्या लोडला पलीकडं २१ व्होल्ट मिळतात, तारेत वॅटभरही जळत नाही. प्रत्येक कॅमेऱ्याला स्वतंत्र केबल मात्र हवीच. एकाच केबलवरून शेडमध्ये छोटा नेटवर्क स्विच, म्हणजे एका लाइनीच्या अनेक लाइनी करणारा डबा, चालवून तिथून वाटणी करावी, असं पुतण्याच्या मनात होतं. पण तीन कॅमेरे आणि ऑफिसात पुढं-मागं बसवायचा वायफायचा डबा, अशा चार उपकरणांचे २४ वॅट एकाच केबलवर २४ व्होल्टनंही जात नाहीत, तिथं मर्यादा १३.७ वर येऊन थांबते.

घराच्या टोकाला चार केबल, चार वीज घालणाऱ्या वायरी, चार अडॅप्टर, असा गुंता भिंतीवर टांगण्यापेक्षा मी ठरवलं की स्विचमध्येच फेरफार करायचा. दुकानात शंभर एमबीपीएसचा आठ पोर्टांचा एक जुना स्विच पडून होता. स्क्रू काढले, पाठ उघडली.

इथं थोडं थांबून सांगतो, कारण बरेचजण इथंच हात भाजून घेतात. पोर्टाच्या चार आणि सात नंबरच्या पिनांवर मल्टीमीटर लावला. रिकाम्या जोड्या म्हणजे काहीच जोडलेलं नसावं, असं कुणालाही वाटेल. आकडा आला १५०. या जोड्या रिकाम्या असल्या तरी मोकळ्या सोडत नाहीत. चार-पाच एकत्र करून त्याला ७५ ओहमचा रेझिस्टर, सात-आठ एकत्र करून दुसरा ७५ ओहमचा, दोन्ही एका ठिकाणी येतात आणि तिथून २ किलोव्होल्टच्या कपॅसिटरमधून बॉडीला जातात. केबलवर येणारा बाहेरचा विद्युत गोंगाट तिथं जिरावा म्हणून ही सोय असते, तिला बॉब स्मिथ टर्मिनेशन म्हणतात. पण एका जोडीवरून दुसऱ्या जोडीकडे बघितलं तर मधे सरळ १५० ओहम. २४ व्होल्ट तसेच घातले असते तर ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान त्या दोन रेझिस्टरांना मिळून जवळपास ४ वॅट सोसावे लागले असते. एकेकाची ताकद वॅटच्या दहाव्या भागाइतकी.

म्हणून एक ते सहा पोर्टांचे ते रेझिस्टर काढले, आणि प्रत्येकाच्या मालिकेत ०.०१ मायक्रोफॅरडचा, शंभर व्होल्टचा कपॅसिटर घालून परत बसवले. डीसीला वाट बंद, गोंगाटाला वाट चालू. निव्वळ काढून टाकले तरी चालतं असं ऐकलं होतं, पण ऐंशी मीटरची केबल लोखंडी शेडवरून जाणार होती, मला ते टर्मिनेशन घालवायचं नव्हतं. मग बोर्डाच्या पाठीमागून चार-पाचला वायर आणि त्यात प्रत्येक पोर्टाला अर्धा अँपिअरचा आपोआप परत जुळणारा फ्यूज. सात-आठ एकत्र करून मायनसला. बोर्डावरच्या बारीक पट्ट्यांतून हा करंट न्यायचा नाही, वेगळीच वायर ओढायची. सगळ्यांत नाजूक जागा म्हणजे तीन-चार आणि पाच-सहा या पिनांमधली फट. तिथं सोल्डरचा एक थेंब जरी ओघळला तर २४ व्होल्ट डेटाच्या ट्रान्सफॉर्मरमधून जातील. भिंग लावून प्रत्येक पोर्ट तपासला, मग मीटरनं परत तपासला. सात आणि आठ नंबरचे पोर्ट मुळासारखे ठेवले, एक राउटरला, एक रेकॉर्डरला. इन्व्हर्टरवर २४ व्होल्ट, ५ अँपिअरचा पॉवर सप्लाय, स्विचला स्वतःला लागणारे ५ व्होल्ट त्यातूनच वेगळ्या कन्व्हर्टरनं.

त्या रात्री शेवटच्या खांबावर शिडी लावून मीटर धरला. दिवे लागलेले असताना २०.४ व्होल्ट. हिशेबातल्या २१ पेक्षा थोडे कमी, कारण कन्व्हर्टर स्वतःही काही खातो, ६ वॅट द्यायला सातेक वॅट घेतो. कॅमेरा मात्र निवांत. आबा खालून म्हणाले, "लागलं का?" लागलं म्हटल्यावर त्यांनी शिडी धरूनच खिशातून बेदाणे काढून हातावर ठेवले.

महिनाभर सगळं सुरळीत. एप्रिलमध्ये एका संध्याकाळी एक कॅमेरा गेला. स्विचचा डबा घराच्या पत्र्याला टेकवून लावला होता, दिवसभर तापायचा. हे फ्यूज गरम हवेत लवकर उडतात. पंचवीस अंशाला अर्धा अँपिअर धरणारा साठ अंशाला एक तृतीयांशानं ढिला पडतो, आणि रात्रीचा लोड नेमका तेवढ्यालाच भिडत होता. डबा आतल्या भिंतीवर हलवला, पाऊण अँपिअरचे फ्यूज घातले, विषय संपला.

खरी चूक त्यानंतरच्या आठवड्यात उघडी पडली.

ऑफिसची लाइन मी चार नंबरच्या पोर्टावर दिली होती, म्हणजे फेरफार केलेल्या पोर्टावर. तिथं पुढं-मागं वायफायचा एक डबा बसवायचा होता, म्हणून वीज तिथपर्यंत नेऊन ठेवली. भिंतीवर साधंच इथरनेटचं सॉकेट. एका सकाळी हिशेबाला बसलेल्या मुलानं त्यात आपला लॅपटॉप लावला. नेट चालू झालं नाही. थोड्या वेळानं जळका वास आला. लॅपटॉप वाचला, त्याचा नेटवर्क पोर्ट मेला. लॅपटॉप त्या मुलाचा स्वतःचा, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी घेतलेला. मी तो सांगलीला नेऊन दुरुस्त करून आणला. पैसे माझेच होते, त्यावर चर्चा झाली नाही, व्हायलाही नको होती.

त्या लॅपटॉपच्या पोर्टमध्येही तेच १५० ओहम होते, जे मी स्विचमध्ये इतक्या काळजीनं काढले होते. माझ्या टोकाचा विचार केला, पलीकडच्या टोकाला कोण येऊन बसेल याचा केला नाही. फ्यूज का उडाला नाही, हा प्रश्न आबांनी विचारला, आणि तो अचूक होता. १५० अधिक केबलचे दहा, १६० ओहमला २४ व्होल्ट, म्हणजे ०.१५ अँपिअर. कॅमेरा रात्री याच्या दुपटीहून जास्त घेतो. फ्यूजच्या दृष्टीनं सगळं ठीकच होतं. फ्यूज फक्त किती हे मोजतो, कोण हे विचारत नाही.

आणि ते विचारण्याची सोय जगात २००३ पासून आहे. आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेचं ८०२.३एएफ हे पीओईचं मानक त्या वर्षी आलं. त्यातला स्विच पोर्टावर एकदम वीज सोडतच नाही. आधी ३ ते १० व्होल्टच्या आसपासचा अगदी क्षीण दाब टाकून पलीकडं सुमारे २५ किलोओहमचा रेझिस्टर आहे का ते बघतो. हा रेझिस्टर म्हणजे वीज मागणाऱ्या उपकरणाची ओळख. १५० ओहम दिसले, मोकळी तार दिसली, तर तो गप्प बसतो, डेटा तेवढा जातो. ओळख पटली तर पंधरा ते वीस व्होल्टवर विचारतो, तुला लागते किती. त्यानंतरच ४४ ते ५७ व्होल्ट सोडतो, पोर्टाला कमाल १५.४ वॅट, पलीकडं पोचायची हमी १२.९५ वॅटची. उपकरण काढलं की चारशे मिलिसेकंदांच्या आत पोर्ट थंड. २००९ च्या पुढच्या मानकात हेच ३० वॅटपर्यंत गेलं, २०१८ च्या मानकात ९० पर्यंत. वॅट वाढत गेले, पण आधी विचारायचं आणि मग द्यायचं हा क्रम कुणी मोडला नाही.

माझ्या स्विचमध्ये हे बसवता आलं असतं का? त्यासाठीच्या चिप मिळतात. पण मग ४८ व्होल्टचा वेगळा सप्लाय, त्या चिपभोवतीचा पसारा, सहा पोर्टांना सहा वेळा, आणि पलीकडं २५ किलोओहमची ओळख असलेले, वीज-डेटा वेगळं करणारे स्प्लिटर. एवढं करण्यापेक्षा तयार स्विच आणणं शहाणपणाचं. आणि खरं सांगायचं तर तो पहिल्याच दिवशी आणायला हवा होता. कॅमेरे बदलून पीओईचे घेतले असते तरी पैशांचा फरक थोडासाच पडला असता. जुना माल वाया जाऊ नये ही आबांची भावना मला पटली, अजूनही पटते, पण ती पटली म्हणून भिंतीवरच्या उघड्या सॉकेटात २४ व्होल्ट आणून ठेवणं बरोबर ठरत नाही. वीज असलेलं आणि नसलेलं सॉकेट दिसायला अगदी सारखं. मेनच्या प्लगचा आकारच वेगळा असतो, माणूस तिथं विचार करून हात घालतो. इथं आकार काहीच सांगत नाही.

मग काय केलं? ऑफिसची लाइन काढून मूळच्या, फेरफार न केलेल्या सात नंबरच्या पोर्टावर नेली. राउटरला आता रेकॉर्डरमागून वाट आहे, रेकॉर्डरला दोन पोर्ट होतेच. चार, पाच, सहाच्या प्लसच्या वायरी फ्यूजपाशीच कापून टाकल्या, म्हणजे वीज फक्त एक, दोन, तीनला. त्या तिन्ही केबलींचं पलीकडचं टोक खांबावरच्या बंद डब्यात, कन्व्हर्टरला सोल्डर केलेलं. कुणाला काही खुपसायला तिथं सॉकेटच नाही. स्विचच्या डब्याला कुलूप, आणि तिन्ही केबलींना दोन्ही टोकांना लाल नळी चढवली.

खांबावरचे डबे उघडले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली, ती शेडवाल्यांनी लक्षात घ्यावी अशी आहे. बेदाण्याला रंग राहावा म्हणून गंधकाची धुरी देतात. तो धूर आणि रात्रीचा दमटपणा मिळून तांब्याला खातात. एका कॅमेऱ्याचा जोड मी सुरुवातीला शेडच्या आत, जाळीच्या वरच्या अंगाला केला होता. त्याचा प्लग काढून उन्हात धरला तर चार आणि पाच नंबरच्या पिना हिरव्या पडलेल्या, पाचवर तर भुकटी जमलेली. सात आणि आठ जवळजवळ नव्यासारख्या. धूर सगळ्यांना सारखाच लागला होता, पण प्लस बाजूला डीसी ओलाव्यातून धातू ओढून नेतो, म्हणून तीच आधी मरते. नुसत्या डेटाच्या जोडालाही गंधक लागतोच, पण वीज असलेल्या जोडाला तो कितीतरी लवकर पोखरतो. हा जोडही बाहेर खांबावर आणला, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, डब्याच्या तोंडाला केबलभोवती घट्ट बसणारी ग्लँड, आत जोडांवर सिलिकॉनचं ग्रीस. शेडच्या आत आता एकही जोड नाही, नुसती सलग केबल आणि कॅमेरा.

वळवाच्या पावसातल्या विजांचं कामही त्याच दिवशी उरकलं. दोन इमारतींमधून ऐंशी मीटरची तार म्हणजे विजेला आवतणच. घराकडं आणि खांबांकडं सर्ज अरेस्टर, म्हणजे विजेचा अचानक आलेला लोंढा जमिनीत सोडणारे डबे, लावले, शेडचे अँगल आणि अरेस्टर एकाच अर्थला बांधले. अरेस्टर घेताना एक बघावं लागतं, ते रिकाम्या जोड्यांवर २४ व्होल्ट कायम सहन करणारे हवेत. काही अरेस्टर त्या जोड्या सरळ अर्थला जोडतात.

या हंगामात आबांनी शेड वाढवलं आणि दोन कॅमेरे जास्तीचे हवे झाले. या वेळी ते स्वतःच म्हणाले, "ते विचारून लाइट देणारं आण." चार पोर्टांचा एएफ स्विच आणला, पीओईचे दोन कॅमेरे आणि शुद्ध तांब्याची केबल. डबा दुकानातच ब्लेड लावून तपासून घेतला. दोन्ही व्यवस्था एकाच भिंतीवर आहेत, मधे हातभर अंतर सोडून.

जुन्या डब्याच्या दाराच्या आतून मी एक कागद चिकटवला आहे. कुठला पोर्ट कुठल्या खांबाला, निळी प्लस, तपकिरी मायनस, रात्री खांबावर किती व्होल्ट. सगळ्यांत लांबच्या खांबापुढं गेल्या वर्षीचे २०.४ आहेत, त्याखाली या फेब्रुवारीत धुरी सुरू व्हायच्या आधी मोजलेले २०.३. धुरी संपली की तिसरा आकडा लिहायला जायचं आहे.